रिकाम्या हातांचा फोटो

यापुढे मी कोणाचीही पिशवी धरणार नाही, असा निर्णय मी एका मंगळवारी सकाळी दात घासताना घेतला. (महत्त्वाचे निर्णय मी दात घासतानाच घेतो. तोंड भरलेलं असतं, त्यामुळे ते कोणाला सांगता येत नाहीत आणि पुढे मोडले तरी बोभाटा होत नाही.) या वेळी मात्र मी खळखळून चूळ भरली, तडक स्वयंपाकघरात गेलो आणि निर्णय जाहीर केला. बायकोने मान वर न करता "बरं" म्हटलं आणि ओटा पुसायचा होता म्हणून दुधाचं पातेलं माझ्या हातात दिलं. मी ते धरलं.

यात माझा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागाचा कारकून आहे. सव्वीस वर्षं लोक माझ्या खिडकीशी येताहेत, काहीतरी पुढे करताहेत आणि मी ते घेतो आहे. अर्ज, पाकिटं, नकाशांच्या गुंडाळ्या. एकदा एका बाईंनी बुटाची नाडी बांधायची म्हणून तान्हं बाळ पुढे केलं, तेही मी घेतलं. (त्याच्यावर आवक शिक्का मारला असं ऑफिसात सांगतात ते खोटं आहे. मी फक्त शिक्का उचलला होता.) समोर कोणी काही धरलं की माझा हात आपोआप पुढे होतो. मेंदूला त्याची खबर नंतर लागते.

ही गोष्ट ऑफिसापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण लग्नानंतर चार दिवसांत ती बायकोच्या लक्षात आली, आणि तेव्हापासून आमच्या घरात 'सामान बघणारा' ही जागा माझ्यासाठी राखीव आहे. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात सगळे बसतात, मी खाली बाकावर. टेकडीवर सगळे चढतात, मी पायथ्याशी. मांडीवर पर्स, दोन्ही बाजूंना पिशव्या, गळ्यात मेव्हण्याची दुर्बीण. समुद्र मी अनेकदा पाहिला आहे, पण दर वेळी चपलांच्या ढिगामागून.

इतकी वर्षं मी याबद्दल ब्र काढला नव्हता. पण सोमवारी संध्याकाळी एक प्रसंग घडला. आमची एकुलती एक लेक पुढच्या महिन्यात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी दूरच्या शहरात जाणार होती आणि तिथल्या खोलीच्या भिंतीवर लावायला घरचे फोटो निवडत होती. जमिनीवर फोटोंचा पसारा होता. निवडता निवडता ती थांबली.

"बाबा, यात तुमचा एकही फोटो नाही."

आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं. खरंच नव्हता. आई होती, मामा होता, मामाची मोटरसायकल तर अकरा फोटोंत होती. शेवटी टेकडीवरच्या एका फोटोच्या कडेला एक कोपर सापडलं. त्या कोपराला तीन पिशव्या लटकत होत्या. "हे तुमचंच ना?" तिने विचारलं. मी कोपर ओळखलं. तिने तो फोटो नेण्याच्या गठ्ठ्यात ठेवला आणि वरून प्रेमाने हात फिरवला.

मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं माझी मुलगी परक्या गावी उठल्या उठल्या बापाचं कोपर बघणार होती. ती जायच्या आत माझा एक धड फोटो निघायलाच हवा होता. चेहरा, धड आणि दोन रिकामे हात. म्हणून मंगळवारचा तो निर्णय.

आता योगायोग बघा. लेक जाण्याआधी सगळ्यांनी मिळून काहीतरी कायम लक्षात राहील असं करायचं, म्हणून मेव्हण्याने एक बेत आखला होता. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, जेमतेम पंचवीस फूट पाण्यात एक जुनी बोट मुद्दाम बुडवून ठेवली आहे. नवशिक्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून तिथे नेतात, बोट दाखवतात आणि बोटीपुढे उभं करून फोटो काढतात. मेव्हण्याने तिघांची नावं दिली होती: तो, त्याची बहीण आणि त्याची भाची. मी अर्थातच वर, होडीत. सामानापाशी.

त्याच संध्याकाळी लेक माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती. नियम सहावा ऐकला आणि मी खुर्चीतून उठलो. "पाण्याखाली कोणत्याही वस्तूला हात लावू नये. हातांची छातीशी घडी घालून ठेवावी." मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. हातात काहीही न घेण्याची सक्ती असलेली जागा या जगात आहे, आणि ती आमच्या घरापासून तीन तासांवर आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

"मीसुद्धा येणार," मी म्हणालो.

मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली. वय काढतील, रक्तदाब काढतील, मला कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे पोहता येत नाही हे काढतील. त्यांना माझी काळजी वाटणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"भाऊजी," मेव्हणा गंभीरपणे म्हणाला, "मग सामान कोण बघणार?"

"सामान," मी म्हणालो, "स्वतःचं स्वतः बघेल."

बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने समजुतीच्या सुरात सांगितलं की होडीत उगाच वारा असतो, पर्सबिर्स उडते, आणि मी नेहमी किती छान बघतो. मी बधलो नाही. लेक मात्र एकदम टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा विषय संपला आणि चौथं नाव दिलं गेलं.

मग माझी तयारी सुरू झाली. डॉक्टरांनी छाती तपासली, कान तपासले आणि हे नेमकं कशासाठी, असं विचारलं. मी म्हटलं, फोटोसाठी. त्यांनी तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही केली, पण सही करताना ते दोनदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या त्यांच्या पदवीकडे बघत होते.

पाण्याखाली तोंडाने श्वास घ्यायचा असतो. त्याचा सराव म्हणून मी मेव्हण्याचा मास्क आणि नळी आणली आणि रविवारी सकाळी न्हाणीघरात मोठ्या टबात डोकं घातलं. पहिली दोन मिनिटं सुंदर गेली. मग मी जरा जास्तच वाकलो, नळीचं वरचं टोक पाण्यात गेलं आणि मी टबासकट उभा राहिलो. टब आडवा झाला. पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात गेलं आणि तिथून वाट काढत खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलं. दारावरची घंटा वाजली, तेव्हा मास्क काढायचं भान मला राहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी गळणारं वर्तमानपत्र माझ्यासमोर धरलं.

मी ते घेतलं आणि नळीतूनच त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

त्यानंतर पोहण्याच्या तलावात धडा होता. शिकवणाऱ्या बाई किडकिडीत, उन्हाने रापलेल्या आणि अतिशय कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तीन नियम सांगितले. श्वास कधीही रोखायचा नाही. नाक चिमटीत धरून कान मोकळे करत राहायचे. आणि मी सांगेन तेवढंच करायचं. मग आम्ही छातीएवढ्या पाण्यात खाली बसलो आणि तोंडातली हवेची नळी काढून परत कशी लावायची ते दाखवायला बाईंनी स्वतःची नळी तोंडातून काढली आणि माझ्यासमोर धरली.

माझा हात पुढे झाला. मी नळी घेतली.

बाईंना ती परत हवी होती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्या हातवारे करत होत्या, मी त्यांना 'मिळाली, मिळाली' अशी मान हलवून पोच देत होतो. शेवटी त्या सरळ उभ्या राहिल्या (पाणी छातीएवढंच होतं म्हणून बरं) आणि त्यांनी मला बाहेर काढून काठावर बसवलं. मी त्यांना सव्वीस वर्षांची नोकरी थोडक्यात समजावून सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "समुद्रात तुम्ही कोणाकडूनही काहीही घ्यायचं नाही. हा तुमच्यापुरता खास नियम."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तलावाचं असेल.) मी बायकोला आणि मेव्हण्याला जवळ बोलावून बाईंना तो नियम पुन्हा म्हणायला लावला.

ठरलेल्या दिवशी सकाळी धक्क्यावर आम्हाला रबरी पोशाख चढवले. माझा पोशाख चढवायला दोन माणसं लागली आणि चढल्यावर माझा आवाज अर्धी पट्टी वर गेला. होडीत ठळक पाटी होती: 'सामानाची जबाबदारी आमची नाही.' बायकोने ती वाचली. मग ती माझ्याकडे वळली. मी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून समुद्राकडे बघत उभा राहिलो. पर्स माझ्या नाकासमोर दोन मिनिटं लोंबकळत होती. हात काखेत फडफडत होते, पण मी त्यांना सोडलं नाही.

अखेर तिने पर्स होडीवाल्यासमोर धरली. "जरा धरा," ती म्हणाली. त्याने पाटीकडे बोट दाखवायला हात उचलला आणि त्याच हातात पर्स आली. मागोमाग मेव्हण्याचा कॅमेऱ्याचा डबा, टॉवेलांची पिशवी आणि खाऊची पिशवी. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी ओळखतो. मला त्याची दया आली, पण मदत मी केली नाही.

कमरेला सहा किलो शिसं, अंगात हवा भरायचं जाकीट, पाठीवर टाकी, पायांत बदकासारखे रबरी पंख. म्हणजे ओझं मी उचललं होतंच, पण प्रथमच ते माझं स्वतःचं होतं. होडीच्या काठावर बसून पाठीमागे पडायचं होतं. मेव्हणा, जो गेले दोन आठवडे याच्या गप्पा मारत होता, तो हातात टॉर्च घेऊन काठावर बसला आणि चप्पल विसरली म्हणाला. त्याला कोणीतरी ढकलला. (कोणीतरी म्हणजे मी. हात रिकामे होते.)

खाली उतरताना मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पहिल्या पाच फुटांत मला माझ्या सगळ्या चुका आठवल्या आणि पुढच्या पाच फुटांत बायकोच्या आठवल्या. पण बाईंनी माझ्या टाकीचा पट्टा मागून पकडला होता, मी कान मोकळे करत होतो, बुडबुडे वर जात होते, आणि हळूहळू हिरव्या पाण्यातून ती बोट दिसायला लागली.

मला वाटलं होतं, शिडाचं गलबत असेल, नाहीतर निदान तोफ असलेली युद्धनौका. तर ती निघाली बंदरातला गाळ उपसायची बोट. चाळीस वर्षं तिने इमानेइतबारे दुसऱ्यांनी केलेला गाळ उचलला, कोणी तिचा फोटो काढला नाही, आणि निवृत्त झाल्यावर तिला धुऊनपुसून त्याच गाळात बसवली. गाळाची भली मोठी लोखंडी बादली अजून तिच्या पुढे तशीच धरलेली होती. बादलीत मासे राहत होते. मला तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. तिलाही कोणीतरी 'जरा हे धर' म्हणून गेलं असणार आणि परत आलं नसणार.

आम्ही वाळूवर टेकलो. मेव्हण्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं, त्याच्याशी तो दोन्ही हातांनी झटापट करत होता. बायकोचा एका पायातला पंख ढिला झाला होता, तो काढून ती वाकून पट्टा शोधत होती. मी कोणाकडेही लक्ष दिलं नाही. मी त्या बादलीसमोर माझी जागा बघून ठेवत होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाईंच्या हातात पहिल्यापासून दोरीची एक फिरकी होती, पतंगाची असते तशीच. दोरीचं दुसरं टोक वर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी फुग्याला बांधलेलं. आम्ही कुठे आहोत ते होडीवाल्याला त्या फुग्यावरून कळतं आणि तो होडी फुग्याच्या मागे मागे ठेवतो. हे सगळं वर असताना सांगितलं होतं. मला ते पाठ होतं.

बाईंनी फोटोसाठी सगळ्यांना बादलीसमोर उभं राहायची खूण केली. कॅमेरा चालवायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग फिरकी पुढे धरली.

माझा हात गेला.

तुमच्यापुरता खास नियम म्हणे. नियम करणाऱ्यांनीच तो मोडला. वर त्यांनी पाण्यात लिहायच्या छोट्या पाटीवर 'इथेच थांबा, हलू नका' असं लिहून मला दाखवलं आणि त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. मी बाजूला उभा. समोर बादलीपाशी बायको, मेव्हणा आणि लेक. पुन्हा तेच. पंचवीस फूट पाण्याखाली येऊनसुद्धा मी फोटोच्या बाहेर आणि माझ्या हातात दुसऱ्याची वस्तू. लहानपणीसुद्धा पतंग मोठा भाऊ उडवायचा आणि फिरकी माझ्याकडे असायची.

तेवढ्यात लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिने आईला एका बाजूला सरकवलं, मामाला दुसऱ्या, आणि मधे एक माणूस मावेल एवढी जागा केली. मग हाताने खूण केली: या.

मी फिरकी सोडली.

चुकून नाही, घसरून नाही, ठरवून सोडली. बोटं एक एक करून उघडली. फिरकी गरगरत वर गेली आणि मी पायातले पंख मारत त्या जागेत जाऊन उभा राहिलो. छाती पुढे काढली, दोन्ही हात ऐसपैस पसरले, म्हणजे रिकामे आहेत हे जगाला दिसावं. बाईंनी फोटो काढला. त्या क्षणी मी इतका आनंदात होतो की हसायला गेलो आणि तोंडात थोडा समुद्र आला.

यानंतर बाईंनी फिरकी परत घ्यायला हात पुढे केला. मी माझे हात पुढे केले. मास्कमधून त्यांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

आम्ही वर आलो तेव्हा पाण्यावर कोणीही नव्हतं. लांबवर प्रवाहाबरोबर एक नारिंगी ठिपका चालला होता आणि त्याच्यामागे इमानदारीत आमची होडी चालली होती. होडीवाल्याच्या मांडीवर सामानाचे चार डाग असल्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती. आम्ही हाका मारल्या. तो आणखी लहान झाला.

"फिरकी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"सोडली."

"का?"

"मला फोटोत यायचं होतं."

आमच्या जाकिटांत हवा भरलेली होती, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. किनारा समोर दिसत होता आणि होडीवाला कधी ना कधी मागे बघणारच होता. पण बायकोच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही तरळत होतं. तिच्या पर्समध्ये घराच्या किल्ल्या, चष्मा आणि नणंदेची उसनी घेतलेली कर्णफुलं होती. तुम्हाला एवढंसं धरायला काय झालं होतं, असं तिने विचारलं.

आणि मग मी बोललो. कानांपर्यंत आलेल्या जाकिटात, लाटेगणिक वरखाली होत, मी इतक्या वर्षांचं बोलून घेतलं. पाळण्याबद्दल बोललो, टेकडीबद्दल बोललो, चपलांबद्दल बोललो. तुमच्या सगळ्यांच्या आठवणींत मी एक खुंटी आहे, असं म्हणालो. माझी मुलगी माझं कोपर घेऊन घर सोडणार होती, असंही म्हणालो. पर्स वाहून गेली तर जाऊ दे, मी म्हणालो, पण मी त्या फोटोत आहे. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा फिरकी सोडेन.

लेकीने पाण्यातून हात पुढे केला. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो धरला. हे मात्र मेंदूला आधीच कळलं होतं.

"भाऊजी," मेव्हणा क्षीण आवाजात म्हणाला, "मला पण धरा ना."

त्याचे दात वाजत होते. मी दुसऱ्या हाताने त्याचं जाकीट पकडलं. मेव्हणा ऐंशी किलोंचा आहे, पण पाण्यात एवढं वजनसुद्धा काहीच वाटत नाही. आपण काही धरलं आहे हेच कळत नाही.

पाऊण तासाने होडी आली. फुगा पकडल्यावर त्याच्याखाली नुसती फिरकी निघाली, तेव्हा होडीवाल्याच्या लक्षात आलं होतं. सामान सगळं जागच्या जागी होतं. त्याने ते बायकोच्या हवाली केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांत प्रथमच मला कोणीतरी पूर्णपणे समजून घेतल्यासारखं वाटलं.

धक्क्यावर बाईंनी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. तिघांच्या प्रमाणपत्रांवर 'समाधानकारक' असा शेरा होता. माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'सूचना पाळत नाही.' ऑफिसातल्या माझ्या गोपनीय अहवालात सव्वीस वर्षं ओळीने 'सूचना पाळतो' असंच लिहिलेलं आहे. मी ते प्रमाणपत्र ऑफिसात नेलं आणि माझ्या खिडकीच्या काचेला बाहेरून दिसेल असं चिकटवलं. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाचा. आणि त्यांनी पुढे केलेली छत्री मी घेतली, पण सावकाश घेतली.

फोटो आठवड्याने आला. लेकीने तो मोठा करून, चौकट घालूनच घरी आणला आणि सगळ्यांसमोर कागद सोडला.

मी मधोमध होतो. छाती पुढे होती, हात दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेले होते. उजव्या हातात मेव्हण्याचा टॉर्च होता. डाव्या हातात बायकोच्या पायातला पंख होता आणि शेजारी ती एका अनवाणी पायावर हसत उभी होती. आणि माझ्या डाव्या कोपराला बाईंची पाटी लटकत होती. तिच्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती: 'इथेच थांबा, हलू नका.'

या वस्तू मी कधी घेतल्या आणि कधी परत केल्या, हे मला आजतागायत माहीत नाही. पाण्यात वजन कळत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. कोणाची पोचसुद्धा घेतलेली नव्हती.

"हा फोटो चालणार नाही," मी ठणकावून सांगितलं. "हात कापून टाक. नुसतं धड आणि चेहरा ठेव."

"चेहरा कुठाय बाबा?" लेक म्हणाली.

मी नीट पाहिलं. चौघांच्याही डोळ्यांवर काळे मास्क होते आणि तोंडात नळ्या होत्या. चेहरा कोणाचाच नव्हता.

"हात कापले तर तुम्ही कोणते हे कळणार कसं?" ती म्हणाली. "मामाच्या मित्राला दाखवला तर त्याने एका क्षणात सांगितलं, हे मधले तुझे बाबा. मला हाच हवाय. तुम्ही अगदी तुमच्यासारखे दिसता."

यावर मी बराच विचार केला. रागवायचं राहून गेलं.

ती गेली त्या सकाळी आम्ही दोघं तिला बसवर सोडायला गेलो. मी घरूनच बजावून निघालो होतो की मी काही धरणार नाही, मला मुलीला नीट निरोप द्यायचा आहे. तिच्या बॅगा हमालाने चढवल्या. ऐनवेळी तिच्या खांद्यावरच्या पिशवीची चेन अडकली, कारण फोटोची ती चौकट आत मावत नव्हती. "बाबा, एक मिनिट हे धरा," ती म्हणाली. चेन लागली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तिने आईला मिठी मारली, मला मिठी मारली, मी तिला एका हाताने जेवढी मारता येते तेवढी मारली, आणि बस गेली.

वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिलो. मग दुसऱ्या हाताकडे लक्ष गेलं. फोटो तिथेच होता.

म्हणजे लेक शेवटी कोपरच घेऊन गेली. माझ्या हातात फोटो होता, आणि फोटोत माझ्या हातात टॉर्च होता, पंख होता, पाटी होती. बायको फोटोकडे बघत उभी होती. मी तिला तिथल्या तिथे, चार लोक ऐकत असताना, ठासून सांगितलं की आता बास, हा फोटो उद्याच पोस्टाने पाठवतो आणि आजपासून मी कोणाचं म्हणून काहीही धरणार नाही, तुझंसुद्धा नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून तिने पर्स पुढे केली.

मी धरली.